बघणं शिकावं लागतं
आजचा प्रश्न : बघतं कोण, डोळा की मेंदू?

१९५०च्या दशकाच्या शेवटी ह्यूबेल आणि वीझल हे शास्त्रज्ञ मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी तपासत होते. ठिपके दाखवले, तर पेशी ढिम्म. मग काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली मांजराच्या डोळ्यावर पडली आणि पेशी तडतडायला लागली! तिला हवी होती ठरावीक कोनातली रेघ. मेंदू आधी अशा रेघा टिपतो, मग त्या जोडून आकार ओळखतो.

यावरूनच जपानच्या फुकुशिमांनी १९८० मध्ये 'निओकॉग्निट्रॉन' हे मॉडेल मांडलं. २०१२ मध्ये 'अ‍ॅलेक्सनेट'ला सुमारे १२ लाख फोटो दाखवले, तर त्याच्या पहिल्या थरात रेघा टिपणारे फिल्टर आपोआप तयार झाले.

पण एक मोठा फरक आहे. मॉडेलला कधीही नव्याने शिकवता येतं. मेंदूचं तसं नाही. याच दोघांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला. नंतर उघडला, तर डोळा धडधाकट, पण मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलेलं!

लहान मुलांचंही तसंच. मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा चष्म्याचा मोठा नंबर वेळेत कळला नाही, तर डोळा 'आळशी' होतो. मग मोठेपणी नुसता चष्मा लावून ती नजर सहसा पूर्ण परत येत नाही.

म्हणून घरात छोटा भाचा किंवा पुतणी असेल, तर शाळेत जायच्या आधीच डोळे तपासून घ्या. 'मोठं झाल्यावर बघू' असं म्हणू नका. भेटूया पुढच्या भागात!