हिरवा पट्टा आमचा, मग उरलेला झेंडा कुणाचा?



आपलं जळकोट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. तिरंगा इथे उशिरा आला. आज त्याला सलामी देताना कुणीतरी हमखास सांगतं, "त्यातला हिरवा तुमचा." प्रेमानेच सांगतं. तरी ते चूक आहे.

१९२१ मध्ये गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात तसं होतं: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. मग शिखांनीही आपला रंग मागितला. मागणी रास्त होती. पण असे पट्टे किती जोडणार? १९३१ मध्ये काँग्रेसने समिती नेमली. तीत मौलाना आझाद होते, काका कालेलकरही होते. त्याच वर्षी मुंबईत केशरी, पांढरा, हिरवा ठरला आणि जाहीर झालं, की हे रंग कुठल्याही धर्माचे नाहीत. केशरी त्यागाचा, पांढरा सत्याचा, हिरवा श्रद्धेचा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याऐवजी अशोकचक्र घेतलं. रंग तेच राहिले.

म्हणून एका पट्ट्यावर समाधान मानू नका. झेंड्याचा तिसरा हिस्सा घेतला, की हक्कही तेवढाच मिळतो. ग्रामसभेत फक्त कब्रस्तानाच्या विषयाला उठू नका. पाणी, रस्ता, शाळा यांवरही बोला. अख्खा झेंडा आपला आहे.