किल्ली कोणाच्या हाती?



बुलढाणा जिल्ह्याचा माणूस आपल्या जिल्ह्याचे वर्णन दोनच शब्दांत करतो : घाटावर आणि घाटाखाली. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर, पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे घाटावर. जिल्ह्याची मुख्य कचेरी घाटावर असल्याने घाटाखालच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीतील एक कागद हवा झाला, तरी घाट चढावा लागे, दिवसाची मजुरी बुडे आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर घेऊन परतावे लागे. आज त्यांतील बरेचसे कागद मोबाइलवर काही क्षणांत उतरतात. हे परिवर्तन लहान नाही. परंतु कागद इतक्या लवकर येतो तो कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असते, हे समजून घेणाऱ्यांची संख्या मात्र फार थोडी आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या पटवाऱ्याचे नाव या भागातील लोकांच्या तोंडी आजही आहे. त्याचे दप्तर कापडी रुमालात बांधलेले असे. प्रत्येक विषयाचा रुमाल निराळा, रुमालात कागदांची बाडे, आणि कोणता कागद कोणत्या बाडात हे केवळ दप्तर सांभाळणाऱ्यालाच ठाऊक. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, हा त्या काळातील अनुभव होता. संगणकातील फोल्डर म्हणजे तोच रुमाल आणि फाईल म्हणजे त्यातील बाड. दप्तर बदलले, तरी दप्तर आणि माणूस यांच्या नात्यातील मूळ प्रश्न बदललेला नाही.

खिडकीची व्यवस्था

ज्याला संगणकतज्ज्ञ ‘एपीआय’ म्हणतात, ती वस्तू समजण्यास कठीण नाही. तहसील कार्यालयातील अभिलेख कक्ष डोळ्यांसमोर आणावा. अर्जदाराला आत प्रवेश नसतो. तो खिडकीशी उभा राहतो, ठरलेल्या नमुन्यात अर्ज देतो, शुल्क भरतो. कारकून अर्ज तपासतो, मागणाऱ्याचा अधिकार पाहतो, आतील कागद शोधतो आणि नक्कल बाहेर देतो. मूळ कागद जागचा हलत नाही. एपीआय ही अशीच एक खिडकी होय. फरक इतकाच की, खिडकीच्या दोन्ही बाजूंना माणूस नसतो. एक संगणक ठरलेल्या नमुन्यात मागणी करतो आणि दुसरा ठरलेल्या नमुन्यात उत्तर देतो.

१ जुलै २०१५ रोजी सुरू झालेली डिजिलॉकर ही सेवा याच तत्त्वावर उभी आहे. त्यात दोन प्रकारचे कागद असतात. पहिला प्रकार शासनाने किंवा संस्थेने दिलेल्या कागदांचा. वाहन परवाना अथवा गुणपत्रिका लॉकरमध्ये दिसते, तेव्हा तेथे मुळात त्या कागदाचा पत्ता असतो; नागरिकाने मागताच तो देणाऱ्या कार्यालयाच्या संगणकातून आणला जातो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने नियमांत दुरुस्ती करून अशा कागदांना मूळ कागदांच्या बरोबरीचे स्थान दिले. दुसरा प्रकार नागरिकाने स्वतः छायाचित्र काढून चढविलेल्या कागदांचा. त्यांना हे स्थान नाही. हा भेद ठाऊक नसल्याने अनेकांची ऐनवेळी फजिती होते.

एखादी बँक किंवा महाविद्यालय नागरिकाच्या लॉकरमधील कागद मागते, तेव्हा प्रत्येक क्रियेला खिडकी निराळी असते. कागदांची यादी पाहणे, फोल्डर उघडणे, त्यातील एक फाईल घेणे, नवी फाईल ठेवणे, या वेगवेगळ्या मागण्या आहेत. त्या पुऱ्या करण्यासाठी बँकेला नागरिकाचा पासवर्ड दिला जात नाही. नागरिक लॉकरच्या दारात स्वतः ओळख पटवितो, ‘अमुक संस्थेला अमुक कागद पाहू द्यावा’ अशी संमती देतो आणि त्या संमतीवरून संस्थेला एक सांकेतिक चिठ्ठी मिळते. तिला ‘टोकन’ म्हणतात. या पद्धतीचे नाव ओऑथ. तिची आज रूढ असलेली दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये जागतिक प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. चिठ्ठीवर तीन गोष्टी ठरलेल्या असतात : कोणाला, कशासाठी आणि किती वेळ. तिजोरीची किल्ली देणे आणि तिजोरीतील एक वस्तू दाखविण्याची चिठ्ठी देणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

मोर्तब

सिंदखेड राजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. त्यांच्या सुपुत्राच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तबाच्या पुढे एखादी ओळ घुसडली, तर ती लबाडी ताबडतोब उघड होई. डिजिटल स्वाक्षरी हे आजचे मोर्तब आहे. कागदातील एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणीत स्वाक्षरी जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना आणि अशा स्वाक्षरीला मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक ठरला आणि जमीन, पीक व व्यक्ती यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या गेल्या.

मात्र येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. खिडकी जलद झाली म्हणून आतील दप्तर सुधारले, असे होत नाही. मृत वडिलांच्या नावावरील शेतीची वारस नोंद झालेली नसेल, फेरफार रखडला असेल, तर संगणक वडिलांचेच नाव क्षणार्धात दाखवील. नावांचा घोळ तर घरोघरी आहे. सातबारा देवनागरीत आणि पासबुक रोमन लिपीत. ‘विठ्ठल’ हे नाव रोमन लिपीत कोणी एका ‘टी’ने लिहितो, कोणी दोन. लग्नानंतर भगिनींचे नाव आधारवर सासरचे आणि गुणपत्रिकेवर माहेरचे असते. माणसाला हा फरक कळतो. यंत्र मात्र अक्षरे जुळवून पाहते, आणि ती जुळली नाहीत की कागद नाकारते. कित्येकदा अनुदान अडते ते येथे. सातबाऱ्यातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. ती दुरुस्ती पेरणीच्या किंवा प्रवेशाच्या घाईत होत नसते. हाती वेळ असतानाच ती करून घेणे शहाणपणाचे.

संमतीचा बाजार

चिठ्ठीची व्यवस्था कितीही निर्दोष असली, तरी चिठ्ठी देणाऱ्याला ती कशाची हे कळले नाही, तर काय घडते, याचे उदाहरण जगाने २०१८ साली पाहिले. फेसबुकच्या अशाच एका खिडकीतून एका चाचणीवजा ॲपने माहिती गोळा केली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली. जगभरात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतातील आकडा अधिक बोलका आहे. येथे ते ॲप घेतले ३३५ जणांनी. मात्र माहिती जाण्याची शक्यता होती ती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. कारण तेव्हाच्या नियमांनुसार एका माणसाच्या होकाराने त्याच्या मित्रांची माहितीही खिडकीबाहेर जात असे. ३३५ जणांच्या अनवधानाची किंमत लाखोंनी मोजली.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. गावातील माणूस ऑनलाइन सेवा देणाऱ्या केंद्रावर जातो, आपला मोबाइलच चालकाच्या हाती देतो आणि आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवितो. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिक असतात, गावाच्या उपयोगी पडतात. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. प्रश्न असा की, संमती ज्याने द्यायची, त्याला ती दिल्याचे ठाऊकच नसते. कित्येक वृद्धांच्या आधारला पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा, पुतण्याचा, तर कधी बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. अशा माणसाच्या लॉकरची किल्ली त्याच्याकडे नसते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु किल्ली आपल्याजवळ आहे की नाही, हेच ज्याला माहीत नाही त्याने काय करावे?

त्याहून घातक मार्ग संदेशांचा. ‘पीएम किसान’ किंवा ‘वाहन दंड’ अशा नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर येते. ती उघडून बसविली की, ‘संदेश वाचू द्यावेत काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो आणि मनुष्य न वाचता ‘होय’ म्हणतो. बँकेचा ओटीपी संदेशातूनच येतो. म्हणजे संदेश वाचण्याची परवानगी ही खात्याचीच परवानगी ठरते. तत्काळ कर्ज देणाऱ्या काही ॲपनी संपर्कांची यादी आणि छायाचित्रे उचलून कर्जदारांची नातेवाइकांमध्ये बदनामी केल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲपना मोबाइलमधील फाईल, छायाचित्रे, संपर्क आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. ओळख पटविण्यापुरता कॅमेरा, माईक किंवा ठिकाण, तेही एकदाच आणि स्पष्ट संमतीने, एवढीच मुभा ठेवली. तेव्हा कर्ज देतो म्हणून संपर्कांची यादी मागणारे ॲप नियम मोडत आहे, हे निःसंशय समजावे.

कायद्याने दिलेले बळ

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य बंधने अंमलात आणण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यातील दोन तरतुदी खेड्यातील माणसाने पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. दुसरी, संमती मागताना दिली जाणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय असली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. न कळणाऱ्या इंग्रजी मजकुराखाली ‘मान्य’ म्हणण्याची सक्ती हे संमतीचे विडंबन आहे. ‘मराठीत दाखवा’ हा आग्रह धरणे हा भाषाभिमान तर आहेच, पण तो स्वतःच्या मालमत्तेचा बंदोबस्तही आहे.

कायदा कितीही चांगला असला, तरी दाराशी उभे राहायचे असते घरच्याच माणसाने. त्यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. आधारला स्वतःचा चालू क्रमांक जोडून घ्यावा. ओटीपी स्वतः टाकावा, सांगू नये. ॲपने काय मागितले ते वाचावे. हवामान सांगणाऱ्या ॲपला संदेश कशाला हवेत, हा प्रश्न विचारावा. जीमेल आणि गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आपल्या खात्यात कोणत्या ॲपना प्रवेश दिला आहे, ती यादी उघडून पाहावी आणि अनावश्यक प्रवेश रद्द करावेत. ड्राइव्हमधील निवडक फाईलपुरती परवानगी आणि संपूर्ण ड्राइव्हची परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने काम भागत असेल तर दुसरी देऊ नये. फसवणूक झालीच तर लाज न धरता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आणि एक अपेक्षा शिकलेल्या तरुणांकडून आहे. प्रत्येक गावात संगणक जाणणारे चार तरुण आज निघतील. त्यांनी आठवड्यातून एक तास वाचनालयात अथवा मंदिराच्या ओट्यावर बसावे. कोणाचे नाव कोठे चुकले आहे, कोणाची वारस नोंद राहिली आहे, कोणाचा क्रमांक बंद पडला आहे, याची विचारपूस करावी. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे : दुसऱ्याचा मोबाइल आपल्या हाती घेऊ नये. आजींचे बोट थरथरले तरी बटण त्यांनाच दाबू द्यावे. आणि दाबण्यापूर्वी ते कशाचे आहे, हे त्यांना समजेल अशा वऱ्हाडी बोलीत सांगावे. काम करून देणारा सेवक उपयोगी असतोच, परंतु काम करावयास शिकविणारा अधिक उपयोगी; कारण त्याच्यामागे गाव परावलंबी राहत नाही.

पटवाऱ्याचा रुमाल सोडण्याचा अधिकार एकेकाळी गावात एकाच माणसाला होता. आज तो रुमाल ज्याचा त्याला सोडता येतो. घाटाखालच्या शेवटच्या वस्तीतील शेतकऱ्याने आपला सातबारा स्वतः उघडावा, स्वतः वाचावा आणि कोणाला दाखवायचा ते स्वतः ठरवावे, इतके झाले म्हणजे या साऱ्या यंत्रणेचे सार्थक होईल.