सायकल ढकलली तरी चालते

आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं, तिन्ही एकापाठोपाठ. या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटेनं होणारी 'एक्सटेरा' ट्रायथलॉन १९९६ साली हवाईतल्या माउई बेटावर सुरू झाली. पल्ला साधारण दीड किलोमीटर पोहणं, ३० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं.

पहिल्यांदा उतरणारीला धडकी भरते ती पाण्याची. तळ दिसत नाही, इतरांचे हातपाय लागतात. तिनं गर्दी सोडून कडेनं पोहावं. दम लागला तर थांबलेल्या होडीला धरून विसावा घेता येतो. तिच्या आधारानं पुढं मात्र सरकायचं नाही. सायकल उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा बांधायचाच. खडा चढ आला तर उतरून सायकल ढकलावी, नियमात बसतं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, म्हणून सुरुवातीला लहान पावलं टाकावीत.

थांबत, ढकलत, चालतसुद्धा ही शर्यत पुरी होते. म्हणून घरातली लेक-सून अशा शर्यतीहून परतली, तर 'कितवी आलीस?' हे मागाहून विचारा. आधी विचारा, 'पुरी केलीस ना?'