इंजिनाची स्वच्छता आणि योग्य डिग्रीझरची निवड

(गोव्यातील शासकीय वाहनचालक व कार्यशाळा कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंजिनाच्या स्वच्छतेवर बोलण्याचे काम एका प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे सोपविले गेले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. स्पॅनरशी माझा परिचय दुरूनच. परंतु या विषयावर माहितीपत्रक तयार करण्याच्या निमित्ताने कार्यशाळेतील अनुभवी मंडळींना पुष्कळ प्रश्न विचारता आले. त्यांच्या उत्तरांतून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती लागले, ते सुसंगतपणे आपल्यापुढे ठेवावे एवढाच माझा हेतू आहे.

इंजिन धुणे हा केवळ शोभेचा भाग नव्हे. मळकट इंजिनात तेल नेमके कोठून गळते ते दिसत नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे, ऑईल सील निकामी झाले आहे की डिझेलच्या नळीला चीर पडली आहे, हे सारे त्या काळ्या थराखाली झाकलेले राहते. दुसरे असे की, तेलकट थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि एखाद्या उघड्या तारेची ठिणगी पडली तर तोच थर आगीला खाद्य पुरवितो. रुग्णवाहिका असो वा प्रवाशांनी भरलेली बस असो, घाटात इंजिनाने पेट घेतला तर काय प्रसंग ओढवेल, हे चालकबंधूंना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

मळ कोणता, हे प्रथम ओळखावे

आपल्या प्रदेशात उन्हाळ्यात जांभ्या मातीची तांबडी धूळ उडते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. ही धूळ गळलेल्या तेलावर बसली म्हणजे तिचा चिकटा तयार होतो. तो ताजा असेल तर सौम्य द्रवानेही निघतो. परंतु तेच तेल महिनोन् महिने इंजिनाच्या उष्णतेने भाजले गेले की त्याचे डांबरासारखे कठीण पूट बनते. ग्रीजचे गोळे हा आणखी निराळा प्रकार. या तिन्ही मळांना एकच औषध लागू पडेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

घरगुती उपायांचे धोके

कित्येक ठिकाणी आजही पेट्रोलने इंजिन धुतले जाते. पेट्रोल मळ काढते, यात शंका नाही. परंतु शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियसलाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या हवेत ते सदैव पेटण्याच्या तयारीतच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते. मग बॅटरीची एक ठिणगीसुद्धा पुरेशी होते. म्हणून पेट्रोलचा वापर या कामासाठी पूर्णतः वर्ज्य समजावा.

रॉकेल व डिझेल तुलनेने कमी ज्वालाग्राही आहेत, परंतु ते निर्धोक नाहीत. गरम इंजिनावर त्यांची वाफ होते. ते पाण्याने धुऊन निघत नाहीत. मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ पुन्हा बसते. रबरी नळ्या व पट्टे फुगतात. उघड्या हातांनी रोज रॉकेल वापरणाऱ्याच्या त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता नाहीशी होऊन हातांना भेगा पडतात.

तिसरा उपाय कॉस्टिक सोड्याचा. ओतीव लोखंडाच्या जुन्या सुट्या भागांसाठी त्याचा उपयोग होत आला आहे. परंतु आजच्या बहुतेक गाड्यांचे सिलिंडर हेड, गिअर बॉक्सचे कवच इत्यादी भाग ॲल्युमिनियमचे असतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्या क्रियेत पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. धातू काळा पडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. डोळ्यांत थेंब उडाल्यास दृष्टी गमावण्याचा संभव असतो.

डिग्रीझरचे मुख्य प्रकार

बाजारात मिळणाऱ्या द्रवांची नावे अनेक असली तरी त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग विद्रावकांचा. हे द्रव तेलाला विरघळवितात. त्यांपैकी काहींत पाण्यात मिसळणारा साबणासारखा घटक घातलेला असतो, त्यामुळे मळ विरघळल्यानंतर पाण्याने धुता येतो. भाजलेल्या जुनाट पुटासाठी हा वर्ग उपयुक्त आहे. मात्र यांतील बहुतेक ज्वालाग्राही असतात. संत्र्याच्या सालीतील तेलापासून बनविलेले सुवासिक द्रवही याच वर्गातले. वास मधुर म्हणून ते पेट घेणार नाहीत, असे मानू नये. क्लोरीनयुक्त विद्रावक मात्र अंगणातील धुण्यासाठी घेऊच नयेत. पूर्वी तेलकट डाग काढण्यासाठी सर्रास वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक व ओझोनच्या थराला मारक ठरले; १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्यावर निर्बंध आले.

दुसरा वर्ग पाण्यातील अल्कधर्मी द्रवांचा. हे पेटत नाहीत, पाणी घालून पातळ करता येतात आणि ताज्या व मध्यम मळासाठी उत्तम असतात. यांत सौम्य आणि तीव्र असा भेद आहे. ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख डब्यावर असेल तोच द्रव इंजिनासाठी घ्यावा.

तिसरा वर्ग जवळजवळ उदासीन अशा साबणी द्रवांचा. यांच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. आणि अशा रीतीने तेल पाण्याबरोबर वाहून जाते. नियमित धुतल्या जाणाऱ्या इंजिनाला यापेक्षा अधिक जहाल द्रवाची गरजच भासत नाही.

मित्रहो, माझ्या आजच्या सांगण्याचे सार येथेच आहे. जहाल द्रव म्हणजे प्रभावी द्रव नव्हे. मळ काढील, परंतु धातू, रबर, रंग आणि काम करणाऱ्याचा हात यांना धक्का लावणार नाही, तोच खरा प्रभावी. सौम्य द्रवाने आरंभ करावा. तो अपुरा पडेल त्या जागेपुरताच अधिक तीव्र द्रव वापरावा.

खरेदी करताना लिटरचा दर पाहून निर्णय घेण्याची आपली सवय आहे. उदाहरणार्थ, एक द्रव दोनशे रुपये लिटर असून तो तसाच वापरावा लागतो. दुसरा चारशे रुपये लिटर आहे, परंतु एका भागात नऊ भाग पाणी घालता येते. दुसऱ्याचे वापरण्याजोगे लिटर चाळीस रुपयांना पडते. तेव्हा दरपत्रके मागविताना एका धुण्यास येणारा खर्च विचारावा.

धुण्याची रीत

इंजिन कोमट होईपर्यंत थांबावे. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. हवा आत घेण्याचे तोंड, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि विजेचे जोड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यावेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या गाड्यांत सेन्सर व जोड पुष्कळ असतात, त्यामुळे तेथे ही दक्षता विशेष घ्यावी. शिवाय वाहन उत्पादकाची पुस्तिका पाहावी. त्यानंतर जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कोरडाच खरवडून काढावा. द्रव खालून वर लावावा, डब्यावरील सूचनेप्रमाणे काही मिनिटे ठेवावा, परंतु वाळू देऊ नये. ब्रशने घासून कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली धुवावे. हातमोजे व चष्मा न घालता हे काम कोणालाही करू देऊ नये. इंजिन पूर्ण कोरडे झाल्यावरच बॅटरी जोडावी. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून पाहावे. जेथे ताजे तेल दिसेल, तेथेच गळती.

धुतलेले पाणी कोठे जाते?

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अंगणात धुतलेल्या इंजिनाचे पाणी गटारात, गटारातून ओहोळात, आणि तेथून शेतात, विहिरीत किंवा मांडवी-झुआरीच्या खाजनांत पोहोचते. डब्यावर ‘जैविक विघटनशील’ असे छापलेले असते. परंतु ते वर्णन डब्यातील द्रवाचे असते. त्याने सोडविलेले काळे तेल तसेच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ कार्यशाळांत तेल अडविण्याची टाकी असते. तेल पाण्यावर तरंगते, या तत्त्वावर ती चालते. साबणी द्रव अधिक वापरला की तेलाचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून जातात, तरंगत नाहीत आणि टाकी ओलांडून निघून जातात. म्हणून प्रथम कोरडे खरवडणे, द्रव बेताने वापरणे आणि तेल लवकर वेगळे होऊ देणारा द्रव निवडणे इष्ट होय. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या २४ व्या कलमान्वये प्रदूषक पदार्थ ओढ्यात वा विहिरीत जाऊ देणे निषिद्ध आहे. खरवडलेला मळ व तेलकट चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात साठवून, अधिकृत व्यवस्थेमार्फतच त्यांची विल्हेवाट लावावी.

गाडी शासनाची असली तरी जनतेच्या पैशातून आलेली आहे, आणि गटाराच्या शेवटी असलेली विहीरही आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरामागची आहे. पुढच्या वेळी डिग्रीझरचा डबा हाती घ्याल, तेव्हा मळ किती निघेल याबरोबरच तो निघून कोठे जाईल, हेही विचारा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.