शुगर, जखम आणि शरीराची सफाई टीम

आजचा भाग श्रोत्यांच्या एका प्रश्नावर आहे. दोन-तीन जणांनी जवळपास सारखंच विचारलंय: "बाबांना बरीच वर्षं शुगर आहे. पायाला छोटीशी जखम झाली, महिना झाला तरी भरत नाही. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्या तर फरक पडेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. गोळ्यांच्या भरवशावर बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. मी स्वतः डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण आत काय बिघडतं, ते समजलं की हे उत्तर पटेल.

जखम झाली की तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू मारायला त्या ऑक्सिजनपासून एक जहाल रेणू बनवतात, सुपरऑक्साइड. म्हणजे हा रेणू शत्रू नाही, हत्यार आहे. २००९ मध्ये झेब्राफिश नावाच्या माशाच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला. शेपटीला जखम होताच तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं आणि त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचल्या. म्हणजे थोड्या प्रमाणात हेच रसायन 'इकडे या' असा निरोपही देतं.

पण हत्यार वापरून झालं की आवरायला हवं, नाहीतर आपल्याच पेशी जळतात. त्यासाठी शरीरात संरक्षक एन्झाइम्स असतात. पहिलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याचं काम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधलं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढचं काम दोघांकडे, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. हे पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो ना, ते कॅटालेजचंच काम. तो फेस म्हणजे सुटलेला ऑक्सिजन.

आता शुगर कुठे आडवी येते? इथे मला माझ्या कामातलं उदाहरण फार जवळचं वाटतं. एकाच डेटाबेसचं कनेक्शन दोन सर्व्हिस वापरतायत. एकीवर अचानक लोड आला, तिने सगळी कनेक्शन्स अडवली. दुसरीचा कोड अगदी बरोबर आहे, तरी ती अडकून बसते. पेशीतही तसंच होतं. ग्लुटाथायोन एकदा वापरलं की परत 'चार्ज' करावं लागतं आणि त्यासाठी एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. रक्तात साखर खूप वाढली की काही पेशी जास्तीची साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलायला लागतात. त्यालाही एनएडीपीएचच लागतं. मग सफाई करणाऱ्याच्या वाट्याला कमी उरतं.

त्यात भर म्हणजे साखर थेट प्रथिनांना चिकटते. सुपरऑक्साइड डिसम्युटेजलाही चिकटते आणि त्याचं काम मंदावतं. शिवाय जास्त साखरेमुळे रक्तवाहिन्यांच्या पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया स्वतःच जास्त सुपरऑक्साइड बनवतात. कचरा वाढला आणि सफाई टीमचा डबाही काढून घेतला, असा प्रकार.

याचे परिणाम जखमेवर दिसतात. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड हे सुपरऑक्साइड खाऊन टाकतं, त्यामुळे रक्तपुरवठा घटतो. सूज उतरायला हवी तेव्हा उतरत नाही. आणि एमएमपी-९ नावाचं एन्झाइम वाढतं, जे नव्याने विणलेलं जाळंच कुरतडतं. गंमत म्हणजे त्याचंच भावंड एमएमपी-८ जखम भरायला मदत करतं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मधुमेही उंदरांच्या जखमांवर एमएमपी-९ रोखणारं रसायन आणि सोबत एमएमपी-८ लावलं, तेव्हा जखमा लवकर भरल्या. उंदरांवरचा प्रयोग आहे हा, हे विसरायचं नाही. पण सरसकट सगळंच दाबलं तर उपयोगाचंही दबतं, एवढं त्यातून कळतं.

आता गोळ्यांकडे येऊ. व्हिटॅमिन ई हे अँटिऑक्सिडंट. 'होप' नावाच्या मोठ्या चाचणीत, ज्यात मधुमेही रुग्णही बरेच होते, त्याने हृदयविकार टळले नाहीत. निकाल २००० मध्ये आला. ती चाचणी जखमांची नव्हती. पण 'अँटिऑक्सिडंट घेतलं म्हणजे फायदा होणारच' हे गृहीत धरता येत नाही, एवढं नक्की. मूळ लोड साखरेचा आहे, तो उतरवल्याशिवाय सफाई टीमला श्वास घेता येणार नाही.

म्हणून घरी काय करायचं? रोज रात्री आई-बाबांचे तळवे आणि बोटांमधली जागा बघा. वाकता येत नसेल तर त्यांना आरसा द्या. शुगरमुळे नसा बधिर झाल्या असतील तर खिळा टोचला तरी कळत नाही, म्हणून "दुखत नाहीये ना, मग ठीक आहे" हे वाक्य घरातून हद्दपार करा. घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका. गरम पाण्यात पाय बुडवणं नको, चटका बसलेला कळणार नाही. पेरॉक्साइड रोज ओतू नका, ते नव्या पेशींनाही मारतं. हळद, टूथपेस्ट वगैरे लावून वाट बघू नका. मधुमेह्याच्या पायाची जखम लहान असली तरी लगेच दाखवायची. डॉक्टर रक्तपुरवठा तपासतील, जंतुसंसर्ग आहे का बघतील आणि जखमेवरचा भार कसा कमी करायचा ते सांगतील. आणि एचबीए१सी बघायला विसरू नका, दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यातून कळते.

हे सगळं पाय वाचवण्यासाठी आहे. वेळेत दाखवलं तर बऱ्याचदा तो वाचतो. तेव्हा हा भाग ऐकून झाला की मोबाइल बाजूला ठेवा आणि बाबांना म्हणा, "जरा पाय दाखवा."

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!