संगणकाच्या परिवाराची वीज



संगणकाच्या विजेची काटकसर म्हटली की लक्ष जाते ते मुख्य पेटीकडे. तिला जोडलेला मॉनिटर, प्रिंटर, स्कॅनर, स्पीकर हा परिवार मात्र हिशेबाबाहेर राहतो. वस्तुतः जे उपकरण काहीही काम न करता केवळ एक वॅट वीज घेते, तेही वर्षाच्या 8,760 तासांत पावणेनऊ युनिट खर्ची घालते. आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरातील उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, जिल्हाधिकारी कचेरी, वाळूज व चिकलठाण्याचे कारखाने येथील मेजांवर अशी उपकरणे किती असतील, याचा अदमास आपणच करावा.

मराठवाड्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या प्रदेशात वीजनिर्मिती आणि माणसांची तहान या दोहोंची भिस्त तुटपुंज्या पावसावर आहे, तेथे निरुद्योगी यंत्राने घेतलेली वीज ही केवळ बिलाची बाब राहत नाही.

ही वीज वाचविण्याची सोय संगणकातच आहे. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी एसीपीआय नावाची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिने उपकरणांना निजविण्याची व जागविण्याची मुखत्यारी संगणकाच्या कार्यप्रणालीकडे सोपविली. यूएसबीच्या नियमांतही, जागेपणी 500 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणाऱ्या उपकरणाने निद्रावस्थेत अडीच मिलिअँपिअरच्या आत राहावे, असा दंडक आहे.

अडचण येते ती जागे होताना. एखादा माऊस वा स्कॅनर वेळेवर जागा झाला नाही, की त्रासलेली मंडळी वीजबचतीची सारी व्यवस्थाच रद्द करून टाकतात. हे मला सर्वथा अनुचित वाटते; कारण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पुष्कळशा उपकरणांपुरती स्वतंत्र सवलत देता येते, आणि माऊसची बचत मुळातच अल्प असते. खरा खर्च मॉनिटरचा आणि त्याहून लेझर प्रिंटरचा, ज्याच्या पोटातील रूळ कागदावर शाईची भुकटी वितळवून बसविण्यासाठी सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. तो दिवसभर सज्ज ठेवण्यापेक्षा काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर निजू द्यावा; पहिल्या कागदासाठी थोडा वेळ थांबावे लागले, तरी काम अडत नाही.

मात्र कार्यप्रणालीची सत्ता भिंतीवरील बटणापर्यंत पोहोचत नाही. तेथे माणूसच हवा. म्हणून कचेरीप्रमुखांना माझी विनंती आहे की, सायंकाळी बटणे बंद करण्याचे काम एका जबाबदार व्यक्तीकडे लेखी हुकुमाने सोपवावे, आणि त्यात एवढी ताकीद अवश्य द्यावी की, इंकजेट प्रिंटर प्रथम त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे शाईचे मुख झाकले जाऊन सुकत नाही. भिंतीवरचे बटण त्यानंतर.