रक्तातील मेद आणि मूत्रपिंडाची झीज



मध्यमवर्गीय घरात चाळिशीनंतर रक्ततपासणीचा कागद आला की साऱ्यांचे डोळे प्रथम कोलेस्टेरॉलच्या ओळीकडे वळतात. आकडा दोनशेच्या आत असला की घर निर्धास्त होते. बाहेर गेला की साजूक तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. त्याच कागदावर खाली क्रिएटिनिनची एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. १.१ चे १.४ झाले तर बिघडले कुठे, अशीच समजूत असते. प्रत्यक्षात साठ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.४ असेल, तर तिच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ४३ मिलिलिटरवर आलेला असतो. तीन महिने तो ६० च्या खाली राहिला, तर वैद्यकशास्त्र त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणते.

या दोन ओळींचा परस्परांशी संबंध आहे. परंतु तो लोक समजतात तसा नाही. तो न कळल्यामुळे कोणी आवश्यक गोळी बंद करतो, तर कोणी त्याच गोळीच्या भरवशावर मूत्रपिंडाची चिंता सोडून देतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा शरीराला परत करतात. नष्ट झालेली गाळणी पुन्हा उगवत नाही. उरलेल्या गाळण्या तिचा भार उचलतात आणि त्या भारानेच कालांतराने निकामी होतात. त्यामुळे आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. शेवट डायालिसिस किंवा प्रत्यारोपणात होतो. जयप्रकाश नारायण यांना १९७५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. १९७९ मधील निधनापर्यंत डायालिसिस हाच त्यांचा आधार होता.

मेदाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध वैद्यांच्या नजरेत जुनाच आहे. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. पुढे जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्खो यांनी अशा मूत्रपिंडांच्या पेशींत मेद साचल्याचे वर्णन केले. १९८२ साली मूरहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक सिद्धान्त मांडला. गाळणी फाटकी झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून वाहून जाते. ते भरून काढताना यकृत मेद वाहणारी प्रथिनेही अधिक बनवते, रक्तातील मेद वाढतो आणि तो मेद गाळणीला आणखी इजा करतो. असे हे दुष्टचक्र! उंदरांवरील प्रयोगांनी त्याला पुष्टीही दिली.

मग कोलेस्टेरॉल उतरवले तर मूत्रपिंड वाचेल, ही आशा स्वाभाविक होती. साधनही हाताशी आले होते. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले होते आणि १९८७ पासून या जातीची औषधे बाजारात आली. आशेची खरी परीक्षा झाली ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘शार्प’ या अभ्यासात. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाच्या ९,२७० रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन व इझेटिमाइब, तर निम्म्यांना औषधविरहित गोळी दिली गेली. सुमारे पाच वर्षांत हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र जे अद्याप डायालिसिसवर नव्हते, त्यांच्यापैकी औषध घेणारे ३३.९ टक्के आणि न घेणारे ३४.६ टक्के त्या अवस्थेला पोहोचले. म्हणजे फरक नाहीच. मूरहेड यांचा तर्क सुंदर होता. पण सुंदर तर्क माणसाच्या शरीराला बांधील नसतो.

मग गोळी कशाला? हृदयासाठी. मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण डायालिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यापूर्वीच हृदयविकार त्यांना गाठतो. म्हणून ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली सांगितले की, पन्नाशी ओलांडलेल्या आणि डायालिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना स्टॅटिन द्यावे, कोलेस्टेरॉलचा आकडा काहीही असो. याचे कारण असे की, या आजारात ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, पण एकूण आकडा पुष्कळदा निर्दोष दिसतो. ‘आकडा नॉर्मल आला’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांची गफलत इथेच होते.

डायालिसिस सुरू झाल्यावर चित्र पालटते. जर्मनीतील २००५ च्या आणि ‘ऑरोरा’ या २००९ च्या अभ्यासात अशा रुग्णांना स्टॅटिनचा ठोस लाभ दिसला नाही. त्यामुळे त्या टप्प्यावर ते नव्याने सुरू करीत नाहीत. आधीपासून चालू असेल तर ठेवतात. किंबहुना डायालिसिसच्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल फार खाली गेले, तर ते बहुधा कुपोषणाचे व शरीरातील दाहाचे लक्षण असते. पथ्याच्या उत्साहात तूप, डाळ, दूध सारे तोडून त्याला उपाशी ठेवणारी माया त्याच्या जिवावर उठते. डायालिसिसमध्ये प्रथिनांची गरज वाढते, हे घरातल्या गृहिणीला कुणीतरी सांगायला हवे.

मूत्रपिंडाची झीज मंदावते ती अन्य उपायांनी. रक्तदाब आणि साखर यांवर नियंत्रण, मिठावर लगाम, तंबाखूला रजा, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे. २००१ साली लोसार्टनने मधुमेही मूत्रपिंडांना दिलासा दिला. २०२० साली डॅपाग्लिफ्लोझिनचा लाभ मधुमेह नसलेल्यांतही दिसला. पुढे भारतात त्याचे पेटंट संपले आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

आता एक कटू गोष्ट. ‘मूत्रपिंड शुद्ध करणारे’ म्हणून निनावी पुड्या व भस्मे सर्रास विकली जातात. दक्षिण भारतातील तज्ज्ञांनी २०२२ साली दाखवून दिले की, एका विशिष्ट प्रकारच्या गळतीच्या विकाराचे अनेक रुग्ण पारंपरिक म्हणवली जाणारी औषधे घेत होते, आणि त्यांत पारा आढळला. आयुर्वेदाविषयी आदर असणाऱ्यांनीच या बाबतीत अधिक कठोर व्हावयास हवे. वैद्याचे नाव, घटक आणि निर्मात्याचा परवाना नसलेली पुडी हे आयुर्वेद नव्हे. या विकारात प्रथिन इतके वाहून जाते की कोलेस्टेरॉल तीनशे-चारशेवर चढते. घरचे तुपाला दोष देत बसतात आणि पुडी चालूच राहते! औषध थांबवल्यावर अनेकांची गळती आटोक्यात आली. गळती थांबली की वाढलेले कोलेस्टेरॉलही उतरू लागते.

तेव्हा मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी पुढच्या खेपेस कोलेस्टेरॉलसोबत क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन तपासण्याही वर्षातून एकदा करून घ्याव्यात. लघवीची तपासणी सकाळच्या एका नमुन्यावर होते.